सव्वीसचं चाक

"फक्त पुढचं चाक बदलायचंय, वस्ताद. त्यात एवढं बघण्यासारखं काय आहे?"

 उकिडवे बसून वस्ताद जुन्या टायरवरून अंगठा फिरवत होते. एकदा डाव्या कडेनं, एकदा उजव्या.

दस्तगीर वस्ताद म्हणजे मिरजेतले सायकलवाले. वय पंचाहत्तरच्या घरात. किल्ला भागात त्यांचं पत्र्याचं दुकान. दुकानाला पाटी नाही, आणि पाटीवाचून त्यांचं कधी अडलंही नाही. शर्यतीतले गडी चाकाचा औट काढायला, म्हणजे डुगडुगणारं चाक सरळ करून घ्यायला, लांबून लांबून त्यांच्याकडे यायचे. माणूस हाताचा सोन्यासारखा, पण बोलणं असं की समोरच्यानं वाट बघून बघून घरी जावं.

समोर उभी होती ती त्रिशला मगदूम. सांगलीतल्या एका तंत्रनिकेतनात मशीन ड्रॉइंग शिकवणारी. चौदा वर्षं झाली होती. मुलं तिला टरकून असायची. तिला ते ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडायचंही.

आणि दोघांच्या मधे होती ती सायकल.

नेहमीची नव्हे बरं का. ही निजून चालवायची. मागं रेलायचं, पाय पुढं लांब करायचे. पायडल पुढच्या चाकाच्याही पुढं. रिकंबंट म्हणतात तिला. सांगलीतली पोरं मात्र "आरामखुर्ची आली, आरामखुर्ची!" म्हणून ओरडत मागं लागायची. तिचं मागचं चाक सव्वीस इंची आणि पुढचं लहानगं, वीसचं.

सगळं दुखणं त्या वीसच्या चाकाचं होतं.

"लहान चाक प्रत्येक खड्ड्यात उतरतं," त्रिशला म्हणाली. "हिसका थेट पाठीत. मोठं चाक वरच्या वर जातं. साधं गणित आहे. माझ्या पाठीत सहा स्क्रू आहेत, वस्ताद."

"कुठल्या साइजचे?"

हसावं की चिडावं हे तिला कळेना.

"साडेसहा मिलिमीटर."

"हं... बरे असतात," वस्ताद म्हणाले, आणि पुन्हा टायरकडे वळले.

तीन वर्षांपूर्वी त्रिशला साध्या सायकलवरून पडली होती. आठ महिने अंथरुणात गेले. साधी सायकल आता विसरायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग तिनं ही निजायची सायकल स्वतः जुळवली. ती बघून डॉक्टर एवढंच म्हणाले, की पाठीला पुन्हा मोठा मार बसला तर हीपण बंद. सायकल म्हणजे त्या बाईचा जीव की प्राण होता. म्हणून हे चाक बसलं पाहिजे होतं. दुसरी वाट तिला दिसत नव्हती.

तिनं पिशवीतून कागदाची गुंडाळी काढली आणि ओट्यावर पसरली. वरून, बाजूनं, समोरून अशी तिन्ही अंगांनी काढलेली सायकल. सायकलवर निजलेली बाई. सगळी मापं मिलिमीटरमध्ये. नवं सव्वीसचं चाक आणि ते ज्यात बसतं तो मोठा चिमटा, दोन्ही तिनं आणलेच होते. वस्तादांनी नुसते पाने चालवायचे होते.

"टाच आणि टायर यांच्यामधे अकरा मिलिमीटर जागा राहते. हवं तर तपासा."

वस्तादांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"झकास काढलंय, बाई."

"धन्यवाद."

"ही कुठं चाललीय?"

"कोण?"

"ही. कागदावरची बाई."

"कुठं म्हणजे... सरळ."

"आणि मग?"

"मग काय?"

"रस्ता संपल्यावर?"

त्रिशलाच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "वस्ताद, ते ड्रॉइंग आहे."

"व्हय, व्हय. ड्रॉइंगच हाय." वस्तादांनी चष्मा काढला. "सायकल किती चाललीय?"

"सहाशे बारा किलोमीटर. मीटर लावलाय मी."

"ह्याच टायरवर?"

"ह्याच."

वस्तादांनी फडकं घेतलं आणि टायरची कड पुसली. मग तिला खाली बसायची खूण केली. नाइलाजानं ती बसली.

टायर मधोमध झिजून गुळगुळीत झाला होता. पण दोन्ही कडांच्या गोलाईवर रबराचे बारीक बारीक केस ताठ उभे होते. नव्या टायरला असतात ना, तसेच.

"हे काय हाय?" वस्तादांनी विचारलं.

"नव्या टायरला असतात ते."

"नव्या..."

 पुढं सांगायची वस्तादांना गरजही नव्हती. वळताना सायकल कलते, कलली की कड रस्त्याला लागते, आणि लागली की हे केस जातात. हे त्रिशला पहिल्या वर्षाच्या पोरालाही समजावून सांगू शकली असती. 

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. 

"सांगलीवरनं आज येताना कितींदा उतरलात?"

"...नऊ वेळा."

"वळण आलं की?"

"वळण आलं की उतरते. हातात धरून वळवते, पुन्हा बसते." तिनं मान खाली घातली. "तुमचा बोळ धरला तर दहा."

हे तिनं तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. घरी नाही, डॉक्टरांना तर नाहीच. सकाळी सकाळी सरळ रस्ता गाठायचा, लोकांना वाटायचं बाई काय जिद्दीची आहे, आणि वळणावर कुणी बघत नाही ना हे पाहून ही गुपचूप खाली उतरायची. वर्षभर हे चाललं होतं. सांगून टाकल्यावर तिला लाजही वाटली आणि जरा हलकंही वाटलं.

वस्ताद उठले. वीसचं चाक काढलं, चिमटा बदलला, सव्वीसचं चढवलं. पट्टी नाही, टेप नाही. वीस मिनिटांत काम झालं. मग मागचं चाक स्टँडवर उचलून त्यांनी खडू घेतला आणि पुढच्या टायरला दोन्ही अंगांनी पांढराफेक केला.

"बसा."

ती बसली. पाय पुढं टाकले.

"मारा पायडल."

तिनं मारलं. मागचं चाक हवेत गरगरलं. टाचा टायरच्या शेजारून गेल्या, आल्या, गेल्या. वस्तादांनी तिचे काळे बूट बघितले. खडूचा ठिपका नाही.

"अकरा मिलिमीटर," त्रिशला म्हणाली. आवाजात जरा जीव आला होता.

"आता वळवा."

हँडल तिच्या हातात होतं. सायकल स्टँडवर होती, जागची हलणारसुद्धा नव्हती. तरी तिचे हात वळेनात.  

वस्तादांनी वाट बघितली. मग एक बोट पुढं करून हँडल हलकेच ढकललं.

टप्.

टाच टायरवर बसली. काळ्या बुटावर पांढरा फराटा उमटला.

त्रिशला त्या फराट्याकडे बघत राहिली.

"पहिल्या तासाला सांगते मी मुलांना," ती शेवटी म्हणाली. "जो भाग हलतो, तो टोकापर्यंत फिरवून बघा. तिथं काय काय अडकतं ते बघा, आणि मग माप लिहा. न बघता लिहिलं तर मी नापास करते."

"आणि हँडल?"

"हँडल मी फिरवलंच नाही... कागदावरही नाही."

वस्तादांनी मान हलवली. पाना उचलला. सव्वीसचं चाक आणि नवा चिमटा काढून भिंतीला टेकवला, आणि जुनं वीसचं पुन्हा बसवायला घेतलं.

"हे काय करताय?"

"जुनं बसवतोय."

"का?"

"सव्वीसचं इथं ऱ्हाऊ द्या. कडेचे हे केस गेले की या. दोन्हीकडचे. मग बसवतो. टाचेचं काय करायचं ते मी बघतो."

आता मात्र बाईंचा पारा चढला. "मी इथं काम करून घ्यायला आलेय, वस्ताद. तुमचा गंडा बांधून घ्यायला नाही!"

"गंडा कुठला माझ्याकडं?" वस्ताद इकडेतिकडे बघत म्हणाले. "ट्यूबचे तुकडे हायत. बांधायचा तर तो बांधतो."

ती तरातरा निघाली. बोळाच्या तोंडाशी उतरली, सायकल हातानं वळवली, आणि मागं न बघता गेली.

आणि घरी जाऊन या बाईनं काय केलं असेल? ब्लेड काढलं! खरंच काढलं. केस गेले म्हणजे झालं ना, कसे गेले ते कोण बघतंय? एक कापला. दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी हात थांबला. परीक्षेत बाहीतून चिठ्ठी काढताना ती ज्यांना ज्यांना पकडायची त्या पोरांची तोंडं तिच्या डोळ्यांपुढं आली. तिनं ब्लेड ठेवून दिलं आणि स्वतःवरच चरफडत झोपायला गेली.

रविवारी सकाळी ती कॉलेजच्या मैदानावर गेली. चुन्याच्या भुकटीनं एक गोल आखला. गोल कसला, मैदानाएवढाच होता तो. त्याच्यावरून डावीकडे, अगदी सावकाश. पहिल्या दिवशी तीन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सात. चौथ्या दिवशी तिनं आतून दुसरा गोल आखला, जरा लहान.

सतरा दिवसांनी ती मिरजेला गेली.

"डावी बाजू गेली," दारातूनच म्हणाली. बसलीसुद्धा नाही.

वस्तादांनी अंगठा फिरवला. एका जागी थांबले.

"हे तीन ब्लेडनं गेलेत."

"...हो."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे मी घालवलेत."

वस्ताद हसले. ती आल्यापासून पहिल्यांदाच. मग अंगठा दुसऱ्या कडेवर गेला. तिथं केस होते तसेच होते, एकूण एक.

"उजवीकडं पडला होतात," वस्ताद म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"गादी बघा की तुमची. डावीकडंच दबलीय सगळी. उजवीकडनं अंग चोरून बसताय."

मग तिनं सगळं सांगितलं. पुढं उसाची ट्रॉली होती. ट्रॉलीला टाळायला ती उजवीकडे वळली. रस्त्यावर बारीक खडी सांडली होती, चाक सरकलं. पुढचं काही आठवत नाही, पण ते वळण आठवतं. रोज आठवतं.

"मला भीती वाटते, वस्ताद," ती म्हणाली. "खूप वाटते."

 वस्तादांनी समोरच्या टपरीवरून दोन चहा मागवले. आले तेव्हा एक तिच्या हातात दिला.

"मग नका वळू."

"काय?"

"उजवीकडं नका वळू. डावीकडनं, डावीकडनं, डावीकडनं गेलं तरी सांगली येती. जरा उशीर हुईल, एवढंच."

तिला एकदम हसू फुटलं. मिरजेतून डावीकडं वळत वळत घरी निघालेली आपली आरामखुर्ची तिच्या डोळ्यांपुढं आली आणि हसता हसता चहा सांडला. मग डोळे भरून आले. ते तिनं पुसले नाहीत, आणि वस्तादांनीही न बघितल्यासारखं केलं.

उजवीकडच्या फेऱ्या सोप्या गेल्या नाहीत. पहिले चार दिवस ती नुसतीच मैदानावर जाऊन सायकलवर बसून परत आली. पाचव्या दिवशी एक फेरी झाली. नवव्या दिवशी गोल लहान घ्यायला गेली, आणि पडली.

उजवीकडेच पडली.

निजायच्या सायकलवरून माणूस पडून पडून पडणार कुठून? जमीन हातभर अंतरावर. खांद्याला माती लागली, कोपर खरचटलं.  ती तशीच पडून राहिली. आधी पायाची बोटं हलवून बघितली. हलली. मग गुडघे. मग अगदी हळू पाठ. पाठ म्हणाली, मी आहे.

मैदानावर चिटपाखरू नव्हतं. ती मातीत उताणी पडून मोठ्यानं ओरडली, "झालं! पडले!" तीन वर्षं ज्या गोष्टीच्या धास्तीनं तिची झोप उडाली होती ती होऊन गेली होती, आणि अजून साडेसातसुद्धा वाजले नव्हते. तिला इतका आनंद झाला की कपडे झटकायचंही सुचलं नाही. उठून तिनं आणखी अकरा फेऱ्या मारल्या.

पुढच्या महिन्यात एका दुपारी वस्तादांच्या बोळात आरामखुर्ची शिरली. बाई वर बसलेली होती. वळणावरही बसलेली होती.

वस्तादांनी काम बाजूला ठेवलं. टायरवर अंगठा फिरवला, डावीकडं, उजवीकडं. उठून भिंतीला टेकलेलं सव्वीसचं चाक घेतलं, त्यावरची धूळ पुसली.

"बस, पोरी."

तोवर ती 'बाई' होती. ही बढती की काय ते तिला कळलं नाही, पण बरं वाटलं.

त्या दिवशी वीस मिनिटांत काही झालं नाही. चिमटा बसवला, चाक बसवलं. पुढचा भाग उंच झाला तशी ती जास्तच मागं कलली आणि रस्त्याऐवजी नुसतं आभाळ दिसायला लागलं, म्हणून वस्तादांनी सीटच्या मागच्या अंगाला लाकडाची पाचर मारून पाठ उभी केली. पायडलचे दांडे काढून आखूड घातले, म्हणजे टाच कमी फिरेल. ती शेजारी बसून पाने देत होती. दोनदा चुकीचा दिला. दोन्ही वेळा वस्तादांनी न बघता परत केला.

मग खडू.

तिनं पायडल मारलं. टाचा स्वच्छ. वस्तादांनी सांगायच्या आत तिनं स्वतःच हँडल वळवलं. आधी उजवीकडं. टाचा स्वच्छ. आणखी वळवलं. स्वच्छ. आणखी, पार टोकाला...

टप्.

"अजून लागतंय," ती म्हणाली.

"लागणारच."

"दांडे अजून आखूड केले तर?"

"मग चढावर तुझा दम निघंल."

"सीट मागं घेतली तर?"

"मग हँडलला हात पुरायचा न्हाई."

तिनं मनात मापं जुळवून बघितली. एकदा, दोनदा. म्हातारा बरोबर बोलत होता.

"म्हणजे हे असंच राहणार?"

"असंच."

ती सायकल घेऊन बाहेर पडली. बोळात एक मोठा खड्डा होता. सव्वीसचं चाक त्याच्यावरून असं गेलं की पाठीला पत्ताही लागला नाही. ती हरखून ओरडलीच. मग मोठ्या रस्त्याला लागली. थोडं पुढं जाऊन परत यायला उजवीकडं वळायचं होतं. रस्त्याला गर्दी होती. मागून एक रिक्षावाला हॉर्न दाबत आला, तशी ती अंग चोरून पार कडेला गेली. गाड्यांना वाट सोडून कडेच्या एवढ्याशा पट्टीतच वळायला जावं तर हँडल टोकाला न्यावं लागलं, टाच टायरवर बसली, आणि सायकल अडली. तिनं पाय टेकला. रिक्षा निघून गेली. पुन्हा वळायला गेली, पुन्हा तेच.

घामाघूम होऊन ती दुकानाशी परत आली. उतरली नव्हती, एवढं खरं. लांबचा वळसा घालून आली होती.

"चाक छान आहे, वस्ताद," ती धापा टाकत म्हणाली. "खड्डे कळतसुद्धा नाहीत. पण मागून गाडी आली की मी कडेला जाते. आणि कडेच्या पट्टीत वळायला ह्याला जागाच पुरत नाही. तिथं काय करायचं?"

वस्ताद फडक्यानं हाताचं ग्रीस पुसत होते. एकेक बोट सावकाश पुसून झालं. फडकं खिळ्याला अडकवून त्यांनी मोठ्या रस्त्याकडे बघितलं. तिथं गाड्यांची रांग लागली होती.

"रिक्षावाला वळताना तुला विचारतो काय?"

"नाही..."

"मग हात दाव, पोरी, आणि रस्त्याच्या मधनं वळ."